इथल्या उन्हाचा पाम

शहरातल्या गारखेड्यात मोठ्या रस्त्याला लागून एक रिकामा प्लॉट हाय. मालक पुण्याला, प्लॉट पडीक, म्हून जब्बारनं तिथं नर्सरी थाटलेली. बांबूचे खांब, त्यावर हिरवी जाळी, पुढच्या अंगाला गुलाब-जास्वंदी, आत सावलीतली झाडं आणि कोपऱ्यात एक खाट. त्या खाटंवर बसून जब्बारनं उमर काढली. माणूस उंच, हडकुळा, दाढीला मेंदी, नखांत बारा महिने माती. बोलायला कमी, आणि जे बोलायचा ते धंद्याच्या मुळावर येणारं. गिऱ्हाइकानं विचारलं, भाई, हे झाड घरात टिकंल का, तर दुसरा दुकानदार छातीवर हात मारून सांगंल, टिकणारच. जब्बार आधी गिऱ्हाइकाकडं बघायचा, मग झाडाकडं, मग विचारायचा, तुमच्याकडं बोअरचं पाणी हाय का? गिऱ्हाईक म्हणायचं, हाय. मग हा म्हणायचा, तर मग नका नेऊ.

त्याची बायको शहजादी कपाळाला हात लावायची. "लोगां चीज बेचने कू बैठते, ये मना करने कू बैठे," असं ती आल्या-गेल्याला सांगायची.

जब्बारचं खरं दुखणं एकाच झाडापाशी होतं. टेबल पाम. तुम्ही पाहिलाय तो. दवाखान्यात, बँकेत, शेंद्र्याच्या कंपन्यांत दारातून आत गेलं की कुंडीत उभा असतो. हात-दीड हात उंच, वेळूसारखं कांड्या-कांड्यांचं बोटभर जाडीचं खोड, वर मोराच्या पिसासारखी पानं. एका कुंडीत पाच-सात रोपं दाटीनं लावलेली असतात, म्हून बघणाऱ्याला वाटतं की एकच झाड बुडातून फुटलंय. ते कधी फुटत नसतं. एक रोप, एक खोड, एक शेंडा. त्या शेंड्यातून सुईसारखं मिटलेलं पान वर येतं, उलगडतं, मग त्याच्या पोटातून दुसरी सुई. सारा जन्म असाच, एकामागं एक.

मूळचं ते मेक्सिकोकडच्या जंगलातलं. जब्बारनं फोनवर ते जंगल पाहिलं होतं आणि येईल त्याला दाखवायचा. आभाळाला टेकलेली झाडं, खाली दिवसा अंधार, सारखी ओल, आणि त्या अंधारात ही बुटकी पामं गपचूप उभी. वरची झाडं जेवून उठली की त्यांच्या पंगतीतलं उष्टं ऊन खाली सांडतं, त्यावर हे जगतं. म्हून तर ते खोलीतल्या उजेडावर भागवतं. पण उजेड कमी चालतो म्हणजे सगळंच कमी चालतं असं नाय. त्याला हवेत ओल लागते, गोडं पाणी लागतं. आपल्याकडं एप्रिल-मेमधी हवा अशी कोरडी, की ओला टॉवेल वाळत घालून मागं वळेपर्यंत वाळतो. वर बोअरचं क्षाराचं पाणी. त्या पाण्यानं आधी पानांची टोकं करपतात, मग लाल कोळी नावाची बारीक कीड लागते, मग पान भुरकट पडतं, आणि पाऊस यायच्या आत कुंडी रिकामी.

ही पामं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. तो मुलूख गोदावरीच्या तोंडाचा. नदी आपलीच, पैठणावरून जाणारी, पण तिथं पोचेपर्यंत ती निराळीच बाई झालेली असते, अंगानं भरलेली. तिथल्या ओल्या हवेत वाढलेलं रोप इथं उतरलं की दुसऱ्या दिवशीच त्याचं तोंड उतरतं. दरसाली ट्रक यायचा, दरसाली पामं विकली जायची, दरसाली उन्हाळ्यात लोक वाळलेली कुंडी काखंत मारून जब्बारसमोर उभे राहायचे. बाकीचे नर्सरीवाले त्याला हसायचे. अरे, झाड मरतं म्हून तर नवीन घेतात, नाय तर आपण काय खायचं? जब्बारला ते पटायचं, आणि तरी रुचायचं नाय. एकदा मला म्हणाला, कसाई बी बरा, त्याचं गिऱ्हाईक तरी मेलेलंच मागून नेतं.

त्याला वाट दाखवली ती करमाडच्या काकासाहेबानं.

काकासाहेब आमच्या शिवारातला शेतकरी. तूर, कपाशी, थोडी मका. गडी आडवा, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर जालना रोडवरचा ट्रकवाला वळून बघंल. बोलायची हौस दांडगी. केशर आंब्याची कलमं न्यायला जब्बारकडं आला, त्या दिवशी एक बाई मेलेला पाम परत घेऊन आली होती. ती गेल्यावर काकासाहेब खाटंवर बसला आणि त्यानं पहिलं ग्यान दिलं. आमच्या बापानं शाळूचं बी कधी दुकानातून आणलं नाय, म्हणाला. ज्या साली पाऊस दगा देईल त्या साली बाप उभ्या पिकात शिरायचा, आणि सगळं रान माना टाकून असताना जे ताट कणीस भरून उभं असंल त्याला चिंधी बांधायचा. तेच पुढच्या सालाचं बी. कणसाची जुडी आढ्याला टांगलेली असायची, उपाशी राहिलो तरी तिला हात लावायची टाप नव्हती कुणाची. "मरत्यात ती मरू दे जब्बार," तो म्हणाला. "मरून-उरून जी राहत्यात त्यांचं बी धर. इथल्या उन्हाची अवलाद काढ."

ही गोष्ट जब्बारच्या डोक्यात रुतून बसली. त्या उन्हाळ्यापासून त्यानं चिंध्या बांधायला सुरुवात केली. ट्रकातून आलेल्या पामांतला जो मे महिना काढून जूनमधी नवी सुई काढंल, तो विकायचा नाय. कधी एक राहायचा, कधी एक बी नाय. कैक उन्हाळे गेले तेव्हा कुठं पाच झाडं हाती लागली. पाच, हजारांतून.

मग कळलं की नुसतं जगून भागत नाय. हे झाड पपईसारखं. नर निराळा, मादी निराळी, आणि फूल येईपर्यंत कोण काय ते कळायला मार्ग नाय. पानांच्या खाली, खोडावरून एक काडी फुटते, तिला पोटकाड्या, त्यावर मोहरीएवढी पिवळी फुलं. नराच्या काडीवर ती दाटून येतात आणि दोन-चार दिवसांत झडतात. मादीची विरळ, काडीला चिकटून बसलेली. तिकडच्या जंगलात काय बारीक किडे असतात ते एकाचे पराग दुसरीकडं नेतात. इथं ते किडे नाय. जब्बारच्या पाचांत चार माद्या निघाल्या आणि नर एक. तो बी कोपऱ्यातला, सगळ्यात किरकोळ. आणि तो फुलायचा तेव्हा माद्या मिटलेल्या, माद्या फुलायच्या तोवर त्याचं आवरलेलं.

मग जब्बारनं नराची धूळ काळ्या कागदावर झाडून पुडी बांधली आणि घरच्या फ्रिजमधी ठेवली. शहजादीनं ती चहाचा मसाला समजून उघडली होती, थोडक्यात वाचली. "दही के बाजू में अब ये क्या रखे जी? कल कू इनकी बारात भी घर में उतारते क्या?" मादी फुलली की हा गडी पोरांच्या रंगाच्या ब्रशनं एकेका फुलाला धूळ लावत बसायचा, चष्मा नाकावर, श्वास धरून. काकासाहेबाची बायको चतुराबाई एकदा दवाखान्याच्या कामानं शहरात आली तेव्हा तिनं हे पाहिलं. म्हणाली, "जब्बारभाऊ, अंतरपाट तरी धरा की."

पहिल्या साली काय नाय. दुसऱ्या साली काडीवर चार मणी, ते बी पोकळ. तिसऱ्या खेपंला मात्र मादीच्या काड्या नारिंगी झाल्या आणि त्यावर वाटाण्याएवढी काळी फळं भरली. जब्बारनं ती हातात घेतली आणि दोनदा मोजली, असं शहजादी सांगायची. हसत सांगायची.

त्याच उन्हाळ्यात नर मेला. मे महिन्यात चार दिवस त्या भागातली लाईट गेली, टाकी रिकामी, आणि ज्यानं इतके उन्हाळे काढले होते त्यानं त्या एका आठवड्यात मान टाकली. शेंड्यातली सुई ओढली तर हातात आली, बुडाला वाळकी. फ्रिजातली पुडी बी संपलेली; जब्बारनं कुंडीतली माती झाडून टाकली. मग म्हणाला, त्याचं काम झालं होतं, बी भरून गेला.

शहरातल्या बोअरच्या पाण्यावर बी टाकायचं नाय असं ठरलं, आणि काकासाहेबानं आपल्या विहिरीपाशी आंब्याखालचा तुकडा दिला. भाडं-बिडं काय नाय. जब्बारनं विचारलं तर काकासाहेब म्हणाला, माझ्याच अकलेचं पीक हाय ते, मी काय माझ्याकडूनच भाडं घेऊ? आंब्याच्या फांद्यांना जाळी, खाली वाफे, बाजूला पाण्याचे ड्रम. बी उगवायला अर्धं साल गेलं. काकासाहेब रोज उकरून बघायचा आणि जब्बार फोनवरून रोज सांगायचा, नका उकरू. मग एका सकाळी मातीतून दोन फाकांचं पान वर आलं, गिळायला तोंड उघडलेल्या पाखराच्या चोचीसारखं. काकासाहेबानं अर्ध्या गावाला बोलवून दाखवलं.

त्यातली किती तरी पहिल्याच मेमधी गेली, आणि जब्बारनं जाऊ दिली. पाणी जास्त घालायचं नाय, लाड करायचे नाय, ठरलं होतं. काकासाहेबाचा जीव तुटायचा. दुसऱ्या मेमधी अजून गेली. पण जी राहिली, शंभराच्या आसपास, त्यांच्या पानांची टोकं बी करपली नाय. कडियमच्या झाडाहून पान थोडं बुटकं, थोडं जाड, रंग काळपट हिरवा. आता गुडघ्याएवढी झालती ती. येत्या थंडीत नाय तर उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिल्यांदा फुलणार होती. फुलली की कळणार होतं नर किती, माद्या किती. गारखेड्यातल्या चार जुन्या माद्यांत आता दोनच उरल्या होत्या, त्या बी थकलेल्या. जब्बार साठी ओलांडून गेलेला. त्याची सगळी मदार ह्या शंभरांवर. एकदा ह्यांच्यातच बी धरलं की मग ही जात इथली झाली, मग ती वाढवायला जब्बार पाहिजेच असं नाय.

श्रावणात शहजादी बाथरूममधी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग रक्ताची गाठ झाली म्हून परत ऑपरेशन. जब्बार दवाखान्यातून हलला नाय. नर्सरीला कुलूप. काकासाहेब भेटायला आला, सोबत मोसंब्या, आणि जाताना जिन्यात म्हणाला, "तू बाईकडं बघ. झाडांची काळजी तू करायची नाय. ती माझी."

आता तुरीचं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाय. तूर नुसती सोडून दिली तर सरळ सोट वर जाते, काठीसारखी, आणि शेंगा मोजक्या. म्हून ती मांडीएवढी झाली की शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की वर जायची वाट बंद होते, मग पानापानाच्या बगलंतून फुटवे येतात, झाड डेरेदार होतं आणि शेंगांनी वाकतं. पूर्वी बाया हातानं खुडायच्या, आता बॅटरीचं यंत्र बी आलंय. आमच्याकडं शेताला बांध घालावा तितकं हे साधं काम. ज्याची तूर खुडली नाय तो आळशी.

काकासाहेबानं त्या साली तूर खुडली आणि हातात कात्री तशीच घेऊन विहिरीवर पाणी प्यायला आला. जाळीखाली पामं उभी. सरळ सोट, एकेक काठी, फांदी नाय की फुटवा नाय. त्याला वाटलं, हा शहरातला माणूस, ह्याला बी निवडायचं आपण शिकवलं, पण खुडायचं सांगायचं राहूनच गेलं. एका खोडावर एक काडी येणार, चार फांद्या झाल्या तर चार काड्या येतील. बी चौपट. आणि बायको दवाखान्यात असलेल्या माणसाला परत आल्यावर कायतरी चांगलं दिसलं पाहिजे.

चतुराबाई म्हणाली, फोन करून विचारा तरी. काकासाहेब म्हणाला, तो कोणत्या परेशानीत हाय अन् मी काय फोन करून शेंड्याचं विचारू?

त्यानं सुयांची टोकं छाटली. मनापासून, एकेका रोपाला वाकून. आणि खरं सांगायचं तर झाडांनी त्याला एक संधी दिली होती. आठ-दहा दिवसांनी छाटलेल्या सुया तशाच वर सरकल्या, टोक कापलेलं पान उलगडलं आणि मधून नवी सुई आली. कारण पामाचा जीव पानाच्या टोकात नसतो. तो खाली, पानांच्या बेचक्यात, गाभ्यात दडलेला असतो. काकासाहेबानं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आपलं वरवर झालं. तुरीला जिथं कोवळं लागतं तिथून खुडतात. मग तो दुसऱ्यांदा बसला. पानं बाजूला सारून, बोटांनी चाचपून, कोवळं लागंल तिथून गाभा काढला. हात पोचंल त्या प्रत्येकाचा. पांढरा, करंगळीएवढा, काकडीच्या गरासारखा. एक त्यानं खाऊन बी पाहिला. जरा कडवट लागला, म्हणाला.

शहजादी घरी आली, वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली, तेव्हा जब्बार करमाडला आला. काकासाहेब त्याची वाट बघत विहिरीवरच बसलेला. आधी चहा घे म्हणाला. मग नको, आधी चल म्हणाला, आणि हाताला धरून जाळीखाली नेलं.

जब्बारनं पहिल्या झाडाच्या शेंड्यात बोट घातलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो वाकून-वाकून गेला, आणि काकासाहेब मागून सांगत होता, दिवाळीपर्यंत फुटवे निघतील बघ, मग तू मला ओळखशील. शेवटच्या झाडापाशी जब्बार उभा राहिला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"काकासाहेब, उसाला फुटायला डोळे किती असतात?"

"कांड्यागणिक एक."

"अन् तुरीला?"

"पानाच्या बगलंबगलंत की. का?"

"ह्याला एकच असतो," जब्बार म्हणाला. "वर."

काकासाहेबाला कळायला वेळ लागला. त्यानं झाडांकडं पाहिलं. सगळी हिरवीगार, पावसानं धुतलेली, पानं पसरून उभी.

"हिरवी हायेत की रं."

"राहतील. दिवाळीत बी हिरवी असतील. आहे ती पानं राहतात. नवं येत नाय."

तो ओरडला नाय, शिवी दिली नाय. काकासाहेबाला त्याचंच लई लागलं. तो म्हणायचा, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. जब्बारनं चहा घेतला, चतुराबाईला शहजादीचं बरं-वाईट सांगितलं, आणि करमाडच्या फाट्यावरून रिक्षानं निघून गेला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. झाड वाळलं असतं तर उपटून टाकता आलं असतं. ती वाळत नव्हती. येणारे-जाणारे म्हणायचे, काय सुंदर पामं हायेत. काकासाहेब रोज सकाळी त्यांना पाणी घालायचा आणि दर खेपंला खोडाची कांडी न् कांडी चाचपायचा, कुठं डोळा फुगलाय का. दिवाळी झाली. खालचं एक पान पिवळं पडलं, गळलं. मग त्याच्या वरचं. वरून एक बी नवं नाय. जिना खालून एकेक पायरी मोडत वर जावा तसं ते झाड वर-वर संपत गेलं. चतुराबाई "मी म्हणलं होतं फोन करा" असं एकदाच म्हणाली. तिनं रोज म्हणलं असतं तर बरं, असं काकासाहेब मला म्हणाला. तिचं गप्प राहून भाकरी वाढणं त्याला सोसत नव्हतं. त्या साली तुरीला शेंगा चांगल्या आल्या. ती तूर त्यानं दुसऱ्यांकडून सोंगून घेतली, स्वतः हात लावला नाय.

जब्बारनं मात्र त्या दिवशी एक पाहून ठेवलं होतं. ड्रमामागं तीन झाडं अडचणीत होती. तिथं काकासाहेबाचं पोट आडवं आलं असावं. पहिल्यांदा टोकं छाटलेली, दुसऱ्यांदा मात्र तो तिथवर वाकला नव्हता. त्या तिन्हींत सुई जागेवर होती. परत हात लावंल म्हून त्यानं ते काकासाहेबाला सांगितलं नाय. परतीच्या पावसानं त्यातल्या दोघांच्या कापलेल्या पानाच्या बेचक्यात पाणी साचलं आणि गाभा सडला. एक राहिलं.

पाऊस सरल्यावर परत येऊन ते एक त्यानं कुंडीत घातलं. हवा-पाणी बदलायला नको म्हून कुंडी तिथंच ठेवली, आणि मग काकासाहेबाला सांगणं भाग पडलं. दोघं आता त्या एका झाडाभोवती. थंडीत जब्बार आठवड्याला एकदा यायचा. बोलणं फार नसायचं. काकासाहेबाचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. पण आशा म्हणाल तर होती, आणि साधी होती. हे झाड नर निघालं तर गारखेड्यातल्या दोन म्हाताऱ्या माद्यांना त्याची धूळ लावता येणार होती. बाप इथला, आई इथली. दोरी तुटता-तुटता राहिली असती. निम्मी-निम्मी शक्यता, जब्बार म्हणायचा. काकासाहेब म्हणायचा, निम्मीहून जास्त. कशावरून, ते काय सांगता यायचं नाय त्याला.

होळीच्या सुमाराला काडी फुटली. पिवळे ठिपके दिसायला लागल्यावर काकासाहेबानं फोन केला आणि जब्बार पुढच्या बसनं आला. शहजादीच्या जुन्या बुरख्याचा काळा तुकडा त्यानं सोबत आणला होता. तो काडीखाली धरला, बोटानं काडीवर टिचकी मारली. कापड काळंच. परत मारली. मग त्यानं भिंग लावून पाहिलं. फुलं विरळ, काडीत रुतून बसलेली. त्यानं कापडाची घडी घातली.

"मादी."

काकासाहेब मातीतच बसला. लांब रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या. मग तो म्हणाला, "तर मग नर आणू की रं. त्या आंध्रातून. ट्रकवाल्याला सांगू."

"आणता यील. त्याची पोरं निम्मी तिकडची निघतील. मग परत उन्हाळे काढायला ठेवायची, परत मरू द्यायची, राहिली त्यांचं परत बी धरायचं. पहिल्यापासून."

"धरू. मी हाय. जागा हाय, पाणी हाय."

"तुम्ही हायात, काकासाहेब," जब्बार म्हणाला. "मी नाय."

काकासाहेबानं त्याच्याकडं पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच ते त्याच्या तोंडातून निघालं. "मी मारली रं तुझी पोरं."

 जब्बारनं ती कुंडी उचलली, रिक्षात पायाशी ठेवली आणि गेला. वाफ्यातल्या वाळक्या काड्या चतुराबाईनं नंतर चुलीत घातल्या. बोटभर खोडं ती, भुरकन पेटली.

जब्बारनं तो उन्हाळा नर्सरी बंद ठेवली. लोकांना वाटलं, शहजादीच्या पायामुळं. जूनमधी उघडली तेव्हा कडियमचा ट्रक आला आणि त्यानं नेहमीपेक्षा जास्त टेबल पाम उतरवून घेतले. आता कोणी विचारलं, टिकंल का, तर तो म्हणायचा, टिकंल. बोअरचं पाणी चालंल? चालंल.

पोळ्याच्या आधी काकासाहेब बाजाराला शहरात आला होता, तो भीत-भीत गारखेड्यात शिरला. दोघं खाटंवर बसले. इकडचं-तिकडचं झालं. जुन्या दोन माद्या दिसल्या नाय म्हून काकासाहेबानं विचारलं तर जब्बार म्हणाला, मेमधी गेल्या, पाणी घातलं नव्हतं. मग काकासाहेबानं ते एक झाड विचारलं. जब्बारनं हनुवटीनं समोर दाखवलं. जाळीखाली पामांच्या लांब ओळी, एकाच रंगाच्या पिशव्यांत, एकाच उंचीच्या.

"त्यात कुठंय?"

"असंल त्यातच. कुंडी मोडली, बाकीच्या रोपांसंगं पिशवीत घातलं."

काकासाहेब उठला आणि ओळीत शिरला. पान जरा बुटकं, जरा जाड, रंग काळपट, त्याला वाटलं आपण ओळखू. त्यानं एक पाहिलं, दुसरं पाहिलं, वाकून-वाकून पाहत चालला. पण ट्रकातून उतरलेली सगळीच पामं पावसानं टवटवीत, सगळीच गडद. तितक्यात एक जोडपं गाडीवरून उतरलं. नवीन फ्लॅट घेतलाय म्हणाले, हॉलसाठी पाहिजेत. बाईनं ओळीतल्या चार पिशव्या बोट दाखवून निवडल्या. जब्बारनं त्या उचलून पायरीवर मांडल्या, पानांवरची माती झटकली.

काकासाहेब ओळीत उभाच होता. त्या चारांत ते होतं का, हे त्याला विचारायचं होतं. जब्बार पैसे घेऊन परत खाटंवर येऊन बसला, आणि काकासाहेबानं विचारलं नाय.